बाळंतपणाच्या रजेवर गेलेला पिचर

केंब्रिजच्या बाहेर, आमच्या गावाच्या टोकाला एक मैदान आहे. हिवाळ्यात तिथे रग्बी खेळतात आणि उन्हाळ्यात दर रविवारी बेसबॉल. गावातल्या लोकांना त्याबद्दल विचारलं तर निम्मे म्हणतील, बेसबॉल अमेरिकेत असतो. उरलेले निम्मे म्हणतील, अच्छा, रविवारी कुत्र्याला फिरवताना मध्ये येतात ते लोक होय?

मी त्या लोकांपैकी एक आहे. खेळत नाही, स्कोअर लिहितो. खेळाडू म्हणून मला कधी कुणी विचारलं नाही, आणि त्यात त्यांची चूक आहे असं मला वाटत नाही. नोकरी कौन्सिलच्या हिशेब खात्यात. एका बॉलला तीन वेगवेगळ्या ठिकाणी खुणा करायच्या असतात आणि त्या शेवटी एकमेकींशी जुळायच्या असतात, हे कळल्यावर मी आपण होऊन खुर्ची पुढे ओढली.

तिथे मी पोचलो तो आमच्या शेजाऱ्यामुळे. हा मुलगा नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला, तिशी नुकती ओलांडलेला. मला काका म्हणतो. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मी बायकोकडे पाहिलं, तर ती हसून म्हणाली, "बरोबर आहे की त्याचं." तो कॉलेजात फास्ट बोलर होता. त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी त्याला एका रविवारी बेसबॉल फेकून बघायला बोलावलं. गाडी त्याच्याकडे नव्हती, म्हणून मी सोडायला गेलो. क्रिकेटमध्ये कोपर वाकलं की चोरी समजतात. याला बारा वर्षांचा असल्यापासून कोपर सरळ ठेवायला शिकवलेलं. इथे त्याला सांगितलं, हवं तेवढं वाकव. त्याने वाकवलं. बॉल सुसाट गेला आणि समोरचा बॅट्समन बॉल पोचून गेल्यावर बॅट फिरवून मोकळा झाला. तो दुसऱ्या क्षणी मागे वळून बघत होता की आपल्याला कुणी पाहिलं का.

बेसबॉल ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. बॉल फेकणारा तो पिचर. बॅट्समनच्या मागे उकिडवा बसून तो झेलणारा तो कॅचर. बॉल मारून चार बेस, म्हणजे चार थांबे, पळत पुरे केले की एक रन. पिचर चांगला असेल तर बाकीचे सात जण उन्हात उभे राहून आपापल्या घराच्या कर्जाचा विचार करू शकतात. आमचे सात जण दोन वर्षं हेच करत होते.

आमचा कॅचर होता दातांचा एक निवृत्त डॉक्टर. इंग्रज, साठी उलटलेला, एकटा राहणारा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. क्लब काढला त्या दिवसापासून तो कॅचर. उकिडवं बसून बसून त्याचे गुडघे संपले होते आणि ऑक्टोबरात एकाचं ऑपरेशन ठरलं होतं. म्हणजे हा त्याचा शेवटचा सीझन. आमच्या लीगमधल्या पहिल्या चार टीम ऑगस्टच्या शेवटी एका मोठ्या मैदानावर एकमेकींशी खेळतात. त्याला सगळे फायनल्स डे म्हणतात. तिथे खऱ्या पायऱ्यांचा स्टँड आहे, आइस्क्रीमची गाडी येते. दातांच्या डॉक्टरने सगळं आयुष्य तिथे प्रेक्षक म्हणून आइस्क्रीम खाल्लं होतं. त्याला एकदा तिथे मास्क लावून बसायचं होतं. तो हे बोलून दाखवत नसे. फक्त मॅच संपल्यावर माझ्या खांद्यावरून वाकून विचारायचा, "आपण कितवे?"

जूनच्या मध्यावर आम्ही दुसरे होतो.

तेव्हा आमच्या पिचरने, म्हणजे माझ्या शेजाऱ्याने, कॅप्टनला सांगितलं की त्याच्या बायकोला दिवस भरत आलेत आणि तो रजा घेणार आहे. कॅप्टन म्हणजे कॅनडाहून आलेली, लायब्ररीत काम करणारी, मोठ्या आवाजाची बाई. लायब्ररीत आठवडाभर दाबलेला आवाज ती रविवारी आमच्यावर काढते. तिने त्याला मिठी मारली, अभिनंदन केलं आणि विचारलं, "दोन आठवडे ना?"

"सव्वा महिना," तो म्हणाला.

ती माझ्याकडे वळली. काही समजलं नाही की ती माझ्याकडे वळते. मी समजावलं की आमच्यात बाळंतीण आणि बाळ सव्वा महिना घराबाहेर पडत नाहीत. पहिलं बाळंतपण मुलीच्या माहेरी होतं, नाहीतर तिची आई इकडे येऊन सगळं करते. या मुलीची आई येणार होती, तिकीट काढलं होतं. पण नागपुरात ती अंगणात घसरली आणि हाताला प्लास्टर घातलं. आता हाच करणार.

"हाच काय करणार?"

"आईचं काम," मी म्हणालो. "रोज सकाळी मालिश, शेक, खीर, लाडू, धुरी."

कॅप्टनने ही यादी बोटांवर मोजली. मग म्हणाली, "आमच्याकडे लोक जेवायला लझान्या आणून देतात आणि घरी जातात."

दातांचा डॉक्टर बाजूला बसून बूट सोडत होता. त्याने फक्त मान हलवली आणि म्हणाला, "बरोबर आहे. आई पहिली." आणि मग बराच वेळ तो एकाच बुटाची लेस सोडत बसला.

मुलगी झाली जुलैच्या सुरुवातीला. दुसऱ्या दिवसापासून माझी बायको सकाळी डबा घेऊन शेजारी जायला लागली, ती संध्याकाळीच परत यायची. म्हणजे एका आठवड्यात टीमने पिचर गमावला आणि मी स्वयंपाकघर. मी वरणभात करू शकतो, हे मी वीस वर्षं सांगत आलो होतो. ते तपासायची वेळ आली नव्हती. आमची मुलगी ग्लासगोला नोकरी करते. ती जन्मापासून इथलीच, त्यामुळे तिचं मराठी तिच्या सोयीचं आहे. तिने फोनवर विचारलं, "बाबा, तू जेवण केली का? आईने सांगितला, तुझा डाळ भिंतीवर गेला." मी तिला सांगितलं की भिंतीवर गेली ती अगदी थोडी. बाकीची छतावर होती.

मैदानावरही साधारण हेच चाललं होतं. पिचरच्या जागी आम्ही एका दांडगट पोराला उभं केलं. जोर होता, दिशा नव्हती. एक बॉल पार्क केलेल्या गाड्यांपर्यंत गेला. लोक गाड्या लांब लावायला लागले. दोन मॅच हरलो. शिवाय सुट्ट्या सुरू झाल्या, अर्धी टीम स्पेनला, आणि नऊ माणसं जमेनात. तेव्हा मी इथल्या मराठी मंडळातल्या माझ्या मित्राला फोन केला. हा मूळचा पुण्याचा, इथल्या एका हॉस्पिटलात भूल देतो आणि मंडळाच्या क्रिकेट टीमचा विकेटकीपर आहे.

"बेसबॉल?" तो म्हणाला. "अरे, तो म्हणजे लाडावलेला विटीदांडू."

"येतोस की नाही?"

"येतो. लंच कोण देतंय?"

तो आला, हेल्मेट घालून उभा राहिला, आणि दुसऱ्याच बॉलवर त्याने असा टोला हाणला की बॉल जमिनीवरून सरपटत दोघांच्या मधून गेला. आमचा बाक उभा राहिला. भूलतज्ज्ञाने बॉल कुठे गेला ते शांतपणे पाहिलं, डावा हात वर केला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "नो! थांब!"

तो पलीकडच्या बॅट्समनला सांगत होता. पलीकडे बॅट्समन नसतो. बेसबॉलमध्ये बॉल आत मारला की पळावंच लागतं, धाव आहे की नाही ते ठरवायचा हक्क तुम्हाला नाही. समोरच्यांनी बॉल उचलला, एकमेकांकडे पाहिलं, हा अजून जागेवरच, आणि अगदी सावकाश, जवळजवळ माफी मागत, त्याला आउट केलं.

"तिथे रन नव्हतीच," तो परत येऊन मला म्हणाला. "रिस्क कशाला घ्यायची?"

"अरे, पळायलाच लागतं!"

"हे आधी सांगायचं ना! म्हणजे सिंगल नको असेल तरी? काय जबरदस्तीचा गेम आहे."

त्या संध्याकाळी कॅप्टनने मला विचारलं, पळ याला मराठीत काय म्हणतात. मी सांगितलं. तिने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. ळ तिला जमला नाही, पण आवाज पुरेसा होता.

आम्ही पाचवे झालो. त्यातच दातांच्या डॉक्टरचा उजवा गुडघा सुजला. तो बसला की उठायला दोन माणसं लागायची. एका सरावाला तो कॅप्टनला म्हणाला, "मला बसता येत नाही. उभं राहून काय करता येईल ते सांग."

मी एरवी सल्ले देत नाही. पण माझ्यासमोर ते सगळं लिहिलेलं होतं, म्हणून बोललो. म्हटलं, आपण समोरच्यांच्या फटक्यांनी हरत नाही आहोत. आपला पोरगा बॉल बाहेर टाकतो, त्यांना फुकट बेस मिळतात आणि ते चालत चालत रन काढतात. हळू टाका, पण सरळ टाका. एवढं करणारा कुणीही चालेल.

"कुणीही?" दातांचा डॉक्टर म्हणाला.

"कुणीही."

"किती कौतुकाने बोलतोस," असं म्हणून तो पिचरच्या उंचवट्यावर जाऊन उभा राहिला.

त्याच्या हातून सुटलेला बॉल पोचेपर्यंत चहा होऊ शकला असता. पण बॅट्समनना वेगाची सवय. ते आधीच बॅट फिरवून घ्यायचे, मग बॉल यायचा. रागावून आणखी जोरात फिरवायचे, मग आणखी आधी. दातांचा डॉक्टर म्हणायचा की ज्याने जबडा आवळलाय त्याला सर्वांत हळू टाकायचा. चाळीस वर्षं आवळलेले जबडे उघडायचाच धंदा केला होता त्याने.

कॅचरच्या जागी बसवला भूलतज्ज्ञ. विकेटकीपर असल्यामुळे तो बसल्या जागी अखंड बोलायचा, तेही मराठीत. "आला रे आला, घाबरलाय हा, पाय बघ कसे थरथरतायत, टाक, टाक, झोपव त्याला!" एका बॅट्समनने अंपायरला विचारलं की हा काय बोलतोय. अंपायरने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, तो पिचरचा उत्साह वाढवतोय. हे खोटं नव्हतं.

दोन मॅच जिंकलो. शेवटची साखळी मॅच राहिली. जिंकलो तर चौथे, हरलो तर आइस्क्रीम.

त्या आठवड्यात कॅप्टनने मला गाठलं. "त्याच्याशी तुझ्या भाषेत बोल. एका दुपारची तर गोष्ट आहे. जमत असेल तरच. पण नीट पटवून सांग." शनिवारी सकाळी मी मुद्दे मनात जुळवून शेजारी गेलो. दार उघडंच होतं. आत जाताच स्मोक अलार्म किंचाळला. पिचर स्टुलावर चढून एका हाताने अलार्मवर टॉवेल हलवत होता, दुसऱ्या हातात ओव्याच्या धुरीची वाटी. माझी बायको म्हणत होती, "अरे, वाटी आधी खाली ठेव!"

स्वयंपाकघरात चहाच्या डब्याला टेकवून फोन उभा केला होता. फोनवर नागपूरच्या सासूबाई, गळ्यात प्लास्टरचा हात. जावई घरी आला तर ज्या बाईने आयुष्यात त्याला पाण्याचा पेला स्वतः उचलू दिला नसता, ती सांगत होती, "जावईबापू, डिंक अख्खा नका टाकू, फोडून घ्या. तूप तापलं का? आच कमी. कमी म्हटलं ना मी!"

"केली, आई."

"दिसत नाही मला. कढई दाखवा."

त्याने फोन उचलून कढईवर धरला. डिंक फट् फट् फुलला आणि एक कण सासूबाईंच्या चेहऱ्यावर, म्हणजे काचेवर, उडाला. त्या नागपुरात मागे सरकल्या.

मला त्याने खारका दिल्या आणि म्हणाला, "काका, बिया काढता का?" मी काढत बसलो. मग बाळ माझ्याकडे दिलं, कारण माझ्या बायकोला खोबरं किसायचं होतं. मुद्दे माझ्या मनात होते, पण मांडीवर बाळ असताना मुद्दे मांडता येत नाहीत. तेवढ्यात तोच हळू आवाजात म्हणाला, "काका, डॉक्टर रागावलेत का माझ्यावर? त्यांचा शेवटचा सीझन आहे. मला रोज आठवतं. पण हिला रात्री उठवत नाही, सकाळी मालिश माझ्याशिवाय कुणाची चालत नाही..."

आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, "जायचं असेल तर जा ना रे उद्या! चार तासांत मी काय मरते का?"

"तू झोप गं."

"झोपू कशी? तुम्ही सगळे अलार्म वाजवता."

मी म्हणालो, "रागावले नाहीत. ते आता पिचर झालेत." त्याचा विश्वास बसला नाही. मी दुपारी घरी आलो तो डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन.

रविवारी कॅप्टनने विचारलं, "काय म्हणाला?"

"माणशी एक," मी म्हणालो आणि डबा उघडला.

हे लाडू बाळंतिणीसाठी असतात, कंबर भरून यावी आणि दूध यावं म्हणून, हे मी सांगायला हवं होतं. पण तोवर सगळ्यांच्या तोंडात लाडू होता. दातांच्या डॉक्टरने गुळाविषयी नापसंती व्यक्त केली, दातांना चिकटतो म्हणाला, आणि दुसरा उचलला. भूलतज्ज्ञ तेवढा माझ्याकडे बघत हसत होता. "बाळंतिणीचा खुराक खाऊन मैदानात उतरलेली पहिली टीम," तो म्हणाला. "कुणाला दूध आलं तर मला बोलवू नका. माझा विभाग वेगळा."

मॅच शेवटच्या इनिंगपर्यंत बरोबरीत. आमचा एक खेळाडू तिसऱ्या बेसवर, दोन आउट, आणि बॅटिंगला भूलतज्ज्ञ. त्याने तसाच टोला मारला, तसाच सरपटत गेला. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याचा डावा हात वर जायला लागला.

"पल!" कॅप्टन ओरडली. "पल! पल! पल!" मग सगळा बाक ओरडला, त्यात एक जपानी होता, दोन पोलिश होते.

भूलतज्ज्ञ पळाला. बॅट हातात घेऊन पळाला, बेसच्या अलीकडे वाकला आणि क्रीजमध्ये टेकवतात तशी बॅट पुढे सरकवली. मग आठवण झाल्यासारखा त्याने पायही टेकवला. तोवर तिसऱ्या बेसवरचा धावत शेवटच्या बेसला पोचला होता, म्हणजे जिंकायची रन झाली होती. समोरच्यांनी तक्रार केली. अंपायरने बराच विचार करून सांगितलं की बॅट बरोबर नेण्याने कुणाला अडथळा झाला नसेल तर नियमात मनाई नाही, पण त्याने हे पूर्वी कधी पाहिलेलं नाही. आम्ही चौथे.

फायनल्स डेच्या आधी सव्वा महिना पुरा झाला. पिचर मैदानावर आला तेव्हा त्याच्याबरोबर बायको होती, टोपडं घातलेलं बाळ होतं आणि पिशवीत तीन प्रकारच्या बाटल्या होत्या. आता कॅप्टनपुढे प्रश्न होता. जिंकत आलेला पिचर दातांचा डॉक्टर. याला बॉल धरून महिना उलटलेला, आणि चेहऱ्यावरून दिसत होतं की झोपून त्याहून जास्त. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खरं ते सांगितलं, की जिंकायचं असेल तर डॉक्टरला टाकू दे.

"मी पुष्कळ टाकले," दातांचा डॉक्टर म्हणाला. त्याने मास्क आधीच हातात घेतला होता. महिनाभर उभं राहून त्याच्या गुडघ्याची सूज उतरली होती. "मला याचे झेलायचेत."

कॅप्टनने पेन काढलं. कागदावर दोन नावं खोडून जागा बदलली.

आम्ही हरलो, आणि चांगले हरलो. पिचरने पहिल्या चारही बॅट्समनना बॉल बाहेर टाकून फुकट चालवलं. दातांचा डॉक्टर उठून, लंगडत त्याच्याजवळ गेला. दोघे ग्लोव्ह तोंडाशी धरून बोलले आणि मग दोघेही हसायला लागले, शेवटी अंपायरने हाकललं. मी नंतर विचारलं, काय डावपेच ठरले? पिचर म्हणाला, "त्यांनी विचारलं, रात्री किती वेळा उठते?" त्यानंतर त्याचे बॉल सरळ यायला लागले. वेग पूर्वीचा नव्हता. पण तिसऱ्या इनिंगमध्ये एक आला तो पूर्वीचाच. कॅचरच्या ग्लोव्हमध्ये त्याचा जो आवाज झाला, तो स्टँडमध्ये आइस्क्रीम खाणाऱ्यांनीही ऐकला. दातांच्या डॉक्टरने तो बॉल लगेच परत फेकला नाही. जरा वेळ ग्लोव्हमध्येच धरून ठेवला.

शेवटचा आउट झाल्यावर सगळे हात मिळवायला गेले. तो उठलाच नाही. उकिडवा बसून होता, हसत होता, आणि गुडघे उघडत नव्हते. पिचर धावत आला. त्याने एक हात त्याच्या पाठीखाली घातला, दुसरा मानेमागे, आणि म्हणाला, "हळू, हळू."

"माझी मान धरून ठेवतोस तू," दातांचा डॉक्टर म्हणाला. "ती मला स्वतःला धरता येते."

"सॉरी. सवय झालीय."

त्याला बाकावर आणलं. माझ्या बायकोने डब्यातला शेवटचा लाडू त्याच्या हातात ठेवला आणि मला म्हणाली, "अहो, त्यांना सांगा, डिंक हाडांना चांगला. रोज सकाळी एक." मी सांगितलं. त्याने लाडू खाल्ला, जिभेने दाढेत अडकलेला गूळ काढला, आणि पिचरकडे न बघता विचारलं, "हे चाळीसएक दिवसांचं तुमचं. गुडघ्याच्या ऑपरेशनला लागू होतं का?"

"होतं," पिचर म्हणाला. "तुमच्याकडे स्मोक अलार्म किती आहेत?"

"दोन."

"मग आधी ते बघावं लागेल."

परतताना गाडीत बायकोने डिंक, खारीक आणि खोबरं किती लागेल ते मला विचारलं. मी हिशेब करून सांगितला. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की ऑक्टोबरात वरणभात परत मलाच करायचा आहे.